मिल्टन ॲबस : एका पुनर्वसित गावातून चार तास पायी

मी लोहारा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, भूकंपात आमचं गाव गेलं. आज राहतो ते गाव नव्या जागी वसवलेलं आहे. हे आधी सांगते, कारण या सफरीला मी पूर्ण पाच तारे दिलेत ते त्यामुळेच.

लेक बोर्नमथला असते. "आई, गवताच्या छपराची घरं बघायला चल," म्हणून तिने डॉर्सेटमधल्या मिल्टन ॲबसची गाइडसह पायी सफर बुक केली. माणशी 18 पौंड, आम्ही सहा जण. सांगितलेली गाडी पाऊण तास उशिरा आली आणि फोन कुणी उचलेना, तेवढा त्रास झाला. बाकी तक्रार नाही.

गावात एकच रुंद रस्ता, उतरत जाणारा. दोन्ही बाजूंनी पांढरी घरं, सगळी एका साच्यातली, पुढे हिरवळीचा पट्टा. साधारण 36 घरं, आणि मुळात एकेका घरात दोन कुटुंबं. मला बघताक्षणी ओळख पटली. रांगेत, सारख्या अंतरावर, एकाच मापाची घरं म्हणजे कुणीतरी कागदावर आखलेलं गाव. मी लेकीला म्हटलं, "हे पुनर्वसन दिसतंय गं." तिने गाइडबाईंना इंग्रजीत सांगितलं, तर त्या थांबल्याच. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. जोसेफ डेमर नावाचा जमीनदार, लॉर्ड मिल्टन. त्याच्या वाड्याशेजारी मिडलटन नावाचं जुनं बाजारगाव होतं. त्याला ते नजरेसमोर नको होतं. 1780 च्या सुमारास त्याने गाव पाडायला घेतलं आणि माणसं टेकडीआडच्या या खोऱ्यात आणून बसवली. हॅरिसन नावाचा एक जण हलेना, तर तळ्याचं पाणी सोडून त्याचं घर बुडवलं. हॅरिसन कोर्टात गेला आणि जिंकला. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आमचं गाव धरणीने पाडलं, त्यांचं एका माणसाच्या हौसेने. ही तुलना दिवसभर मनातून गेली नाही.

आता घरांविषयी. लेकीने फोटो दाखवले होते तेव्हा मी छपरंच पाहिली होती. तिथे उभं राहिल्यावर भिंतींनी धरून ठेवलं. भिंती मातीच्या आहेत! चिखलात काड घालून, तुडवून, थरावर थर चढवलेल्या, वरून चुना. एका घराच्या कोपऱ्यावर गिलावा निघाला होता, तिथे मी वाकून पाहिलं. मातीत काडाचे तुकडे स्पष्ट दिसत होते, आमच्या जुन्या पांढरीच्या भिंतीत दिसायचे तसेच. गाइडबाई म्हणाल्या, मातीच्या भिंतीला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत, असं तिकडे म्हणतात. बूट म्हणजे खालचं दगडविटांचं जोतं. टोपी म्हणजे छप्पर, वीतभराहून जाड, इतकं उतरतं की पाणी थांबतच नाही, आणि वळचण भिंतीपासून चांगली पुढे आलेली. पन्हळ नाही. पाणी सरळ जमिनीवर पडतं, भिंत कोरडी राहते.

मी बराच वेळ तिथेच उभी होते. आमच्याकडे दगडमातीच्या रुंद भिंतींवर माळवद असायचं, लाकडावर फूट-दीड फूट माती. दर पावसाळ्यात गळायचं की वर अजून माती टाकायची. त्या रात्री ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. गवताचं छप्पर हलकं असतं, हे मी शाळेत मुलांना शिकवलं होतं. इथे हात लावून पाहिलं.

छपराचं काडही नीट समजावलं. कुठे पाणथळीतलं लव्हाळं, कुठे गव्हाचं काड, हेझल नावाच्या झुडपाच्या फोकांच्या खुंट्यांनी दाबून बसवलेलं. वरचा आढ्याचा भाग दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. आताचा ठेंगणा गहू चालत नाही, हार्वेस्टरने काड मोडतं, म्हणून छपरासाठी मुद्दाम उंच काडाचे जुने वाण पेरतात. मला लगेच आमचा जुना, उंच बन्सी गहू आठवला.

चांगला भाग शेवटी आहे, तो चुकवू नका. रस्ता उतरून, तळ्याच्या काठाने ॲबीपर्यंत, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चपर्यंत, चालत जायचं. दगडी चर्च उभं आहे, शेजारी तो जमीनदाराचा वाडा, बाकी भोवती नुसती हिरवळ. जुनं गाव इथेच होतं. बाकीचे फोटो काढत होते. मी गाइडबाईंना विचारलं, "पेठ नेमकी कुठे होती?" त्यांनी हाताने दाखवलं. आम्ही दोघी त्या गवतावरून चालत गेलो.

गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, परतीची चढण दमवते. तळ्याकाठी चिखल असतो, चपला नकोत. गाइडशिवाय जाऊ नका, नुसती घरं पाहून परत याल. पुढच्या खेपेला मी माझ्या यजमानांनाच घेऊन येणार आहे. त्यांचं जुनं घरही मिडलटनसारखंच नाहीसं झालंय, तिथे आता शेत आहे.