पॉन्चो आणि लायनर: तीन पावसाळे वापरून झाल्यावर

पावसाळी ट्रेक करणाऱ्या बहुतेकांचे एकदा तरी रेनकोटवर पैसे वाया गेलेले असतात, माझे दोनदा गेलेत, म्हणून पॉन्चो आणि त्याला आतून बांधायचं पातळ रजईसारखं पांघरूण, म्हणजे लायनर, यांबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

पहिला पॉन्चो रस्त्याकडेच्या स्टॉलवरून घेतलेला, पीव्हीसीचा, जाडजूड, हाताला भारी लागला म्हणून वाटलं टिकेल. खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकरला निघालो होतो, मधे करवंदाच्या जाळीत खांद्याजवळ अडकला आणि टर्रकन फाटला तो थेट कमरेपर्यंत. नुसतं प्लॅस्टिक एकदा फाटायला लागलं की थांबतच नाही, कारण आत वीणच नसते. दुसरा चांगल्या दुकानातून घेतला, महागातला, आतून पीयू कोटिंगवाला. पहिला सीझन एकदम मस्त गेला. मग मी तो ओलसर असतानाच घडी करून माळ्यावर टाकला आणि पुढच्या जूनमध्ये काढला तर आतून चिकचिकीत, आंबूस वास आणि कोटिंगचे पोपडे हाताला लागतायत. दुकानदार म्हणाला असं होतंच, आणि विषय संपवला. होतं हे खरंय, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, दमट हवा आणि उकाडा एकत्र आले की ते हळूहळू आतून तुटत जातं, पण विकताना एका वाक्यात सांगितलं असतं की पूर्ण वाळवून ठेवा तर माझा पॉन्चो वाचला असता. याचा मला अजून राग आहे.

आता जो आहे तो तीन पावसाळे झालाय. चौकोनी कापड, मधोमध डोकं घालायला जागा आणि टोपी, दोन्ही बाजूंना टिचबटणं, कोपऱ्यांना आणि कडांना आयलेट (दोरी ओवायची कडी बसवलेली भोकं), म्हणजे मिलिटरी पॅटर्न. कापड 70 डेनियरचं पॉलिएस्टर रिपस्टॉप. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, आकडा मोठा तर धागा जाड, इतकं कळलं तरी पुरे. रिपस्टॉप ओळखायला सोपं, कापड उजेडात धरलं की बारीक बारीक चौकडी दिसते, ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो त्यामुळे काटा लागला तरी फाटणं त्या चौकोनाशी अडतं. माझ्या पॉन्चोला डाव्या बाजूला असं एक भोक आहे, पहिल्याच वर्षी पडलेलं, आतून पॅच चिकटवलाय, अजून तेवढंच आहे. कंपनीचं नाव देत नाही कारण हा पीस आता मिळत नाही, त्यापेक्षा नवीन घेताना काय बघायचं ते सांगते.

सगळ्यात आधी शिलाई. कापड कितीही भारी असू दे, सुई गेली तिथे भोक पडतंच. पॉन्चो उलटा करा आणि टोपी जिथे गळ्याला जोडलीय तिथे बघा, शिवणीवर आतून टेप चिकटवलेली पाहिजे, सलग, आणि नखाने कड उचलायला गेलं तर उचलली जाता कामा नये. पाणी पहिल्यांदा शिरतं ते इथूनच, हनुवटीखालून छातीवर थंडगार ओघळ येतो ना तो हाच. बाकी सगळीकडे टेप आणि नेमकी गळ्याशी नाही असेही पीस मी बघितलेत, ते सरळ ठेवून द्यायचे. सिलिकॉन कोटिंगवालं कापड असेल तर त्यावर टेप चिकटत नाही, तिथे शिवणीवर सिलिकॉनचा सीलर स्वतः लावावा लागतो, ते कापड हलकं आणि चिकट न होणारं असतं पण हे एक काम आपल्या अंगावर येतं.

मग लेबलवरचा एमएमचा आकडा. 3000 लिहिलं असेल तर अर्थ असा की त्या कापडावर 3 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी तोपर्यंत पाणी झिरपत नाही. लोक 10000 च्या मागे लागतात, पण जॅकेटची गोष्ट वेगळी, जॅकेटवरून सॅक घेतो आपण, पट्टे दाबतात आणि पाणी आत ढकललं जातं. पॉन्चो सॅकच्या वरून घालायचा असतो, खांद्यावर दाब येतच नाही, त्यामुळे 2000-3000 मध्ये घाटावरचा धो धो पाऊस आरामात निघतो. हां, तोच ओल्या जमिनीवर अंथरून बसलात तर मात्र खालून ओल येईल. आणि दुकानात ट्राय करताना भरलेली सॅक घेऊन जा, लाज वाटून घेऊ नका, कारण सॅकवर चढला की मागची बाजू चांगली वीतभर वर जाते आणि गुडघ्यापर्यंत वाटलेला पॉन्चो मांडीवरच संपतो.

पॉन्चोच का, जॅकेट का नाही, तर घाम. जुलैत घाट चढताना बंद रेनकोटमध्ये माणूस आतूनच भिजतो, पॉन्चो बाजूने मोकळा, वारा खेळतो. भात लावणारी माणसं इरलं घेतात ते बघा, पाठ आणि डोकं झाकलेलं, पुढून सगळं मोकळं, वाकून काम करणाऱ्याला अगदी बरोबर. आणि धनगराची घोंगडीची खोळ, लोकर ओली झाली तरी ऊब देते. इरलं आणि घोंगडी म्हणजे आपल्याकडचे पॉन्चो आणि लायनरच आहेत, मला हे सारखं जाणवतं.

लायनरचं महत्त्व मला पाचनईला कळलं. हरिश्चंद्रगड उतरून खाली आलो तेव्हा अंगावर कोरडं असं काही नव्हतं, ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी दारातच म्हणाल्या, "आधी कापडं बदला, मग च्या घ्या." पडवीत झोपलो, रात्रभर पाऊस आडवा येत होता आणि लायनरचा पायाकडचा भाग तुषारांनी भिजला. उठून पिळला, परत पांघरला, दहा मिनिटांत पाय गरम. आत पॉलिएस्टरचं फिलिंग असतं, ते पाणी पीत नाही. पिसांचं असतं तर गोळे झाले असते. ही वस्तू मूळची अमेरिकन सैन्याची, 1960 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात आली, तिथले सैनिक लाडाने वूबी म्हणतात. कडेला बांधायला नाड्या असतात, त्या पॉन्चोच्या आयलेटमध्ये बांधल्या की दोन्ही मिळून एक पांघरूण तयार होतं. पण चालताना लायनर घालू नका, सह्याद्रीत एवढी थंडी नसते, उकडून जीव जाईल, तो थांबल्यावरच सॅकमधून बाहेर काढायचा.

घेताना दोन्ही एकावर एक पसरून बघा, नाड्या आणि आयलेट समोरासमोर येतात का. मी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतले आणि माझ्या दोन नाड्यांना समोर भोकच नाही. आणि लायनर उजेडाकडे धरा, पातळ जागा लगेच दिसतात. आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्यात, तिने माझा लायनर हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "टाके लांब लांब आहेत गं, आतलं सरकणार." दुसऱ्या पावसाळ्यात एका कोपऱ्यातलं फिलिंग खरंच सरकलं. तिनेच तिथे हाताने बारीक धावदोरा घालून दिला, तेव्हापासून जागचं हललं नाही. लायनरला सुई चालते, पॉन्चोला अजिबात लावायची नाही, तिथे पॅचच.

त्रासही आहेत. कड्यावर वारा सुटला की पॉन्चो शिडासारखा फुगतो, कमरेला दोरी बांधायलाच लागते. कळसूबाईच्या शिड्यांवर पुढचा घोळ खाली लोंबतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, तिथे पुढचा भाग वर घेऊन त्याच दोरीत खोचते. टोपी डोळ्यांवर येते म्हणून आत साधी कॅप घालते. आणि बाइकवर पॉन्चो कधीच घालू नका, सुटा कपडा चाकात किंवा चेनमध्ये गेला तर फार वाईट होईल, बाइकला रेनसूटच पाहिजे.

घरी आणल्यावर बिल टाकून द्यायच्या आधी एक करा. पॉन्चोचा भाग वाटीवर झोळीसारखा सैल धरून रबरबँड लावा, वाटीत टिशू पेपर ठेवा, झोळीत पाणी ओता आणि तासभर सोडून द्या, मग अंगठ्याने हलकं दाबा. टिशू कोरडा तर पास. गळ्याच्या शिवणीवर हे जरूर करा, माझ्या मैत्रिणीचा तिथेच नापास झाला आणि तिने दुसऱ्या दिवशी परत केला.