तेजोमेघांच्या छायाचित्रांसाठी सिरिल: एक परीक्षण

सिरिल हे खगोलछायाचित्रांवर प्रक्रिया करण्याचे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालते. तेजोमेघांच्या कामाला लागणाऱ्या हौशी निरीक्षकाने इतर कशाकडेही वळण्यापूर्वी ते शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण ते फुकट मिळते हे नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकाने प्रत्यक्ष नोंदवलेला प्रकाश आणि पाहण्याच्या सोयीसाठी पडद्यावर उजळलेले चित्र यांतला भेद हे सॉफ्टवेअर सतत डोळ्यांसमोर ठेवते.

रचलेली, म्हणजे अनेक चौकटी (एकेक छायाचित्रे) एकत्र करून बनवलेली, प्रतिमा उघडली की ती जवळजवळ काळी दिसते, कारण अंधूक तेजोमेघाची उजळी आकाशाच्या पार्श्वभूमीहून अगदी थोडीच अधिक असते. ऑटोस्ट्रेच हे दृश्य निवडताच तेजोमेघ उमटतो, मात्र फाइलमधले आकडे तसेच राहतात. पार्श्वभूमी काढणे, रंग जुळवणे आणि डीकन्व्होल्यूशन (धूसरपणा गणिताने कमी करणे) ही कामे प्रतिमा रेषीय असतानाच, म्हणजे आकडा आणि पडलेला प्रकाश यांचे प्रमाण अबाधित असतानाच, करायची असतात. त्यामुळे ही सोय वरवर किरकोळ वाटली तरी पुढचे सारे काम तिच्यावर उभे आहे.

कॅलिब्रेशन (कॅमेरा व दुर्बिणीचे दोष काढणे) आणि स्टॅकिंग (चौकटी एकावर एक रचणे) यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लाइट (आकाशाच्या प्रत्यक्ष) चौकटी आणि दोष काढण्यासाठी घेतलेल्या डार्क, फ्लॅट व बायस चौकटी ठरलेल्या नावांच्या फोल्डरांत ठेवून तयार स्क्रिप्ट चालवली की एकत्रित प्रतिमा हाती येते. उपग्रहांच्या रेषा सांख्यिकीय छाननीत गळून पडतात, आणि चौकटी चौपट केल्या की संकेत (खरा प्रकाश) व नॉइज (प्रतिमेतला यादृच्छिक खरखरीतपणा) यांचे गुणोत्तर साधारण दुप्पट होते. डिस्कवर मात्र भरपूर जागा हवी: २४ मेगापिक्सेलची एक रंगीत चौकट ३२ बिटांत साठवली तर सुमारे २८८ मेगाबाइट जागा घेते, आणि मधल्या टप्प्यांच्या फायली त्याखेरीज तयार होतात.

खरी कसोटी लागते ती पार्श्वभूमी काढताना. प्रकाशप्रदूषणाचा उतार हटवण्यासाठी सिरिल प्रतिमेवर नमुन्यांचे चौकोन मांडते आणि त्यांच्या आधारे पार्श्वभूमीचा पृष्ठभाग आखते. एखादी लहानशी दीर्घिका मध्यभागी असेल तर आपोआप मांडलेले नमुने बहुतेक वेळा पुरेसे ठरतात. परंतु हंस तारकासमूहातला व्हेल (Veil) तेजोमेघ किंवा मृग नक्षत्रातला अश्वमुख तेजोमेघ आणि त्याभोवतीचा हायड्रोजनचा पडदा जवळजवळ संपूर्ण चौकट व्यापतो, तेव्हा काही नमुने अंधूक वायूवर बसतात आणि आपण पार्श्वभूमी समजून तेजोमेघच वजा करून टाकतो. असे नमुने उजव्या क्लिकने एकेक काढता येतात. खरोखर रिकाम्या जागी थोडेच नमुने ठेवणे हे साऱ्या चौकटीवर जाळे पसरण्यापेक्षा कितीतरी चांगले. प्रकाशप्रदूषण मूळ प्रकाशात मिसळलेले असते म्हणून येथे वजाबाकीच निवडावी, भागाकार नव्हे. त्यानंतर पिक्सेल मॅथ हे प्रतिमांवर गणित करणारे साधन वापरून मूळ प्रतिमेतून नवी प्रतिमा वजा करून पाहावी: उरलेल्या चित्रात तेजोमेघाचा आकार दिसला, तर नमुने चुकीच्या जागी पडले आहेत. इतकी सोपी आणि इतकी निर्णायक पडताळणी प्रत्येकाने करावी, असे मला मनापासून वाटते.

रंगांच्या बाबतीत सिरिल अंदाजावर विसंबत नाही. ते चौकटीतले तारे ओळखून त्यांचे रंग तारकासूचीशी पडताळते, आणि नव्या आवृत्तीतली वर्णपटाधारित पद्धत गाया उपग्रहाने घेतलेले ताऱ्यांचे वर्णपट वापरून संवेदक व फिल्टर यांचा प्रतिसादही हिशेबात धरते. याचा तेजोमेघांना विशेष फायदा होतो, कारण त्यांचा प्रकाश मुख्यतः मोजक्या रेषांत असतो: हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवट निळी रेषा. हिरवा नॉइज काढण्याचे साधन जपून वापरावे, कारण त्याने ऑक्सिजनची हिरवट छटाही निळ्याकडे सरकते. शिवाय सामान्य कॅमेऱ्यातला फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा बराच प्रकाश अडवतो. जो प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. दुहेरी नॅरोबँड फिल्टर (फक्त या दोन रेषांच्या आसपासचा प्रकाश आत सोडणारा) वापरणाऱ्यांसाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारी तयार स्क्रिप्ट आहे, आणि ती उत्तम काम करते.

स्ट्रेचसाठी, म्हणजे प्रतिमेतले आकडेच बदलून ती कायमची उजळण्यासाठी, असलेले जनरलाइज्ड हायपरबोलिक साधन शिकायला वेळ घेते, पण तो वेळ सत्कारणी लागतो. कोणत्या उजळीच्या पट्ट्यात कॉन्ट्रास्ट वाढवायचा हे त्यात नेमके ठरवता येते, त्यामुळे एम ४२ या मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे बाहेरचे पंख वर आणताना ट्रॅपेझियम या मधल्या तारकागटाभोवतीचा गाभा पांढरा पडण्यापासून वाचवता येतो. अर्थात गाभा मूळ चौकटीतच संपृक्त झाला (संवेदकाच्या कमाल मर्यादेला पोहोचला) असेल, तर त्यासाठी कमी वेळाच्या वेगळ्या चौकटी घ्याव्या लागतात.

उणिवाही आहेत. ब्रश आणि थरांवर आधारित स्थानिक संपादन येथे होत नाही, म्हणून शेवटचा हात फिरवण्यासाठी १६ बिटांची टिफ फाइल गिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी लागते. प्रतिमेतले तारे वेगळे करणारे स्टारनेट हे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे बसवावे लागते. आवृत्ती बदलली की मेनूंच्या जागाही बदलतात आणि जुनी मार्गदर्शने जुळत नाहीत, हे नवशिक्याला जाचक ठरते. त्याने आपल्या आवृत्तीची अधिकृत पुस्तिकाच सोबत ठेवावी.

तरीही या उणिवा कामाच्या उत्तरार्धातल्या आहेत. स्टॅकिंगपासून रंगजुळणीपर्यंतच्या रेषीय टप्प्यासाठी मी सिरिलची शिफारस निःशंकपणे करतो. तो टप्पा संपला की रेषीय प्रतिमा फिट्स या खगोलछायाचित्रांच्या फाइल-स्वरूपात वेगळी जपून ठेवावी, म्हणजे पुढे स्ट्रेच पसंत पडला नाही तरी स्टॅकिंग पुन्हा करावे लागत नाही.