लालबाग-परळचा गिरणगाव वॉक : नक्की करा

रविवारी सकाळचा वॉक होता आणि गाईडने सुरुवातच भारी केली, म्हणाला आज सुट्टी आहे म्हणून तुम्ही इथे आलात ना, तर ही रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांसाठी भांडून १८९० मध्ये मिळवली. १८८४ पासून सभा, निवेदनं चालू होती त्यांची. शाळेत हे का नाही शिकवत आपल्याला?

सगळ्यात आवडला तो खानावळींचा भाग. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे कुणा बाईकडे महिन्याच्या हिशोबाने, त्या बायकांची १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून संघटना बांधली, म्हणजे युनियन फक्त गिरणीच्या गेटवर नव्हती हो, चुलीपर्यंत पोचली होती.

१९८२ चा संपही नीट सांगितला. नुसता पगार-बोनस नाही तर १९४६ च्या कायद्यामुळे एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करता यायची तो राग पण होता, म्हणून अडीच लाख लोक कामगार नेते दत्ता सामंतांमागे गेले. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, तिथून पटकन पुढे नेलं ते बरंच केलं.

तक्रार एकच, ग्रुप फार मोठा होता, ट्रॅफिकमध्ये मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, छोटा स्पीकर तरी ठेवा. आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप दोन वाक्यांत उरकला, त्यातूनच लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्याला वेळ द्यायलाच हवा होता.

साडेचार स्टार. मुलांना घेऊन जा, पाणी सोबत ठेवा.