कूलंटची हवा काढायचं नरसाळं किट: तीनदा वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लिक्विड कूल्ड बाईकचं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) घरीच बदलत असाल तर हे किट घ्यावं का, तर माझ्या मते घ्यावं, पण आधी रेडिएटरच्या तोंडाचं माप काढा. किटमध्ये काय येतं, तर एक मोठं पारदर्शक नरसाळं, रेडिएटरच्या तोंडावर टोपणासारखे बसणारे वेगवेगळ्या मापाचे अडॅप्टर, एक वाकडा एल्बो आणि नरसाळ्याचं भोक वरून बंद करायची एक लांब दांडी. दोनदा माझ्या बाईकवर वापरलं, एकदा भावाच्या.

आधी मी साध्या नरसाळ्यानेच भरायचो. गळ्यापर्यंत आलं, टोपण लावलं, रिझर्व्हॉयर (जादा कूलंटची बाजूची छोटी टाकी) फुलच्या खुणेपर्यंत भरला, झालं काम असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये उभा होतो तर टेंपरेचरचा काटा एकदम वर जायचा, मग झटकन खाली यायचा, आणि फॅन लागायचं नावच नाही. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पूर्ण गार होईपर्यंत हात लावला नाही (गरम असताना टोपण उघडलं तर उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं, हे प्लीज कोणी करू नका) आणि मग उघडून बघितलं तर पातळी चांगली दोन बोटं खाली. गळती कुठेच नव्हती, म्हणजे तेवढी हवाच आत अडकून होती. सेन्सरच्या भोवती पाण्याऐवजी हवा आली की तो खरं तापमान दाखवूच शकत नाही, म्हणून तो काटा तसा नाचत होता. त्यानंतर हे किट मागवलं.

वापरायला सोपं आहे. अडॅप्टर बसवा, वर नरसाळं, त्यात कूलंट ओता, म्हणजे भरायचं तोंड हाच सगळ्यात उंच पॉइंट होतो आणि हवेला वर यायला एकच रस्ता उरतो. आता इंजिन चालू करा आणि बघत बसा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, मग थोडा वेळ काहीच होत नाही, इथेच बरेच जण घाई करून टोपण लावतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) साधारण 80 डिग्रीच्या आसपास उघडतो, तोवर इंजिनच्या बाजूची हवा नीट सुटत नाही. तो उघडला की नरसाळ्यातली पातळी अचानक खाली जाते आणि परत बुडबुडे सुरू, ते डोळ्यांनी दिसतं हीच या किटची खरी किंमत आहे. मधेमधे हलकी रेस द्यायची, होज हाताने दाबायचे (ग्लोव्ह घाला, तापलेले असतात), गाडी दोन्ही बाजूंना थोडी थोडी कलवायची. फॅन एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद करा, उगाच चालू ठेवू नका, कारण टोपण नसताना सिस्टीममध्ये प्रेशर धरत नाही आणि कूलंट आणि पाण्याचं 50-50 मिक्स साधारण 107 डिग्रीलाच उकळतं. गार झाल्यावर दांडी खुपसून भोक बंद करायचं, नरसाळं उचलायचं आणि उरलेलं कूलंट बाटलीत परत.

आता तक्रारी. किट मुळात कारसाठी बनवलेलं आहे, बाईकचं तोंड बऱ्याचदा लहान असतं. माझ्या बाईकला एकच अडॅप्टर बसला तोही थोडा सैल, रबरी वायसर जादा लावल्यावर थेंब थांबले. भावाच्या गाडीवर फेअरिंग (बाईकचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) आडवं आलं, एल्बो लावला तरी नरसाळं तिरकं राहिलं, शेवटी एका हाताने धरून उभं राहावं लागलं. आणि अडॅप्टरचे आटे प्लास्टिकचे आहेत, जोर लावू नका. नरसाळंही बाईकसाठी फार मोठं आहे, बाईकचं सगळं कूलंट मिळून एक-दोन लिटर, त्यामुळे तळाशी थोडंसंच भरलं तरी पुरतं.

बाकीची कामं किट करत नाही हे पण लक्षात घ्या. जुनं कूलंट वॉटर पंपाच्या ड्रेन बोल्टमधून काढायचं, त्या बोल्टचा वायसर दरवेळी नवा टाकायचा, आणि रिझर्व्हॉयर वेगळा रिकामा करायचा, तो विसरला तर जुनंच परत आत ओढलं जातं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात. आणि रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवं म्हणजे अमुक असा काही ठरलेला नियम नाही, मॅन्युअलमध्ये कुठला प्रकार दिलाय ते बघा. जमिनीवर सांडलेलं लगेच धुवून घ्या, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरी चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. जुनं कूलंट गटारात ओतू नका, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल-कूलंट घेणाऱ्यांकडे द्या.

किटने भरल्यावर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर टोपण उघडून बघितलं तर पातळी जिथल्या तिथे होती, फॅनही वेळेवर लागतोय. पाचपैकी चार देतो, एक अडॅप्टरसाठी कापला. बाईकच्या मापाचे अडॅप्टर वेगळे मिळत असतील तर ते सोबतच मागवा.