थायरॉक्सिनची गोळी: सकाळी की झोपताना?

थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी पडत असेल तर घ्यायचं औषध. सकाळची गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. चहा किमान अर्धा तास, शक्यतो तासभर लांबवायचा. गडबड इथेच होते: गोळी तोंडात आणि चहा गॅसवर. चहा-कॉफीमुळे औषध आतड्यात कमी शोषलं जातं, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढा राहतो आणि डोस उगाच वाढतो.

झोपतानाच्या गोळीआधी जेवून ३ तास व्हायला हवेत. आठला जेवून अकराला झोपणाऱ्यांना हे छान जमतं, गोळी लागूही तितकीच पडते. दहाला जेवत असाल तर या वाटेला जाऊ नका. शिवाय पन्नाशीच्या आसपास अनेकींची कॅल्शियमची गोळी रात्रीच असते. लोहाची काय किंवा ही काय, थायरॉक्सिनपासून ४ तास दूर हवी. कॅल्शियमची दुपारच्या जेवणाबरोबर घ्या.

सकाळचा तास खरोखर पाळता येत असेल तर सकाळच बरी. वेळ बदलायची तर डॉक्टरांना सांगून, आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी किमान २ दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. थायरॉइडची गळ्यातली गाठ असेल, तर ती मात्र गोळीची वेळ बदलून विरघळत नाही. तिची सोनोग्राफी ठरल्या वेळी करायचीच.