मागून पिकअप, पुढे उसाची ट्रॉली: लातुरातल्या एका क्लेमचा अनुभव

आधी गुण सांगते. गॅरेजच्या कामाला पाचपैकी चार. विमा कंपनीच्या क्लेमच्या सेवेला अडीच, आणि त्यातला एक सर्व्हेअर साहेबांचा, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेल्या माणसाचा. का ते सविस्तर लिहिते, कारण ज्या कागदावर माझं काम अडलं तो कागद प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात येतो आणि घाईत तसाच सही करून परत जातो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहते लातुरात, शाळा रेणापूर तालुक्यात. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसीच्या आतली, सव्वादोन वर्षांची. जानेवारीतली सकाळ, उसाचा हंगाम. रेणापूर नाक्यावर उसाची ट्रॉली थांबली म्हणून मी तिच्यामागे चारेक फूट जागा सोडून थांबले. पाय ब्रेकवर होता. तेवढ्यात मागून भाजीचा पिकअप आदळला आणि माझी गाडी ढकलली जाऊन ट्रॉलीवर गेली. पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नाही. त्याला हाक मारून थांबवावं लागलं.

कुणाला लागलं नाही, हे पहिलं बघितलं. पिकअप चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा, घाबरलेला. "मॅडम, मी ब्रेक दाबायलोच होतो, गाडी थांबलीच नाही." लोक जमले. "ताई, मिटवून टाका, पोरगं गरीब आहे." पोराने खिशातून तीन हजार काढले. मी घेतले नाहीत. राग नव्हता त्याच्यावर. पण तीन हजारांत मागची डिकीसुद्धा होत नाही, आणि पैसे घेऊन "मिटलं" असं लिहून दिलं की तोच कागद पुढे क्लेममध्ये आडवा येतो. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय आपली चूक कबूल करायची नाही आणि समोरच्याला भरपाईचा शब्द द्यायचा नाही. रस्त्यावर माणुसकी दाखवा, पाणी द्या, दवाखान्यात न्या, पण कागदावर काही लिहून देऊ नका.

हवालदार गाड्या बाजूला घ्या म्हणाले. मी दोन मिनिटं मागून घेतली आणि नऊ फोटो काढले. तिन्ही वाहनं एका चौकटीत, तिन्ही नंबर प्लेटा, पिकअपच्या पोराचं लायसन आणि विम्याचा कागद. चौथा फोटो रस्त्याचा. माझ्या चाकांच्या मागे डांबरावर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या, साडेतीन फुटांच्या तरी असतील. तेव्हा मला त्यांचं महत्त्व कळलं नव्हतं. दिसल्या म्हणून काढला.

चूक कुणाची, यावर नाक्यावर अर्धा तास वाद चालला. खरं तर नियम स्पष्ट आहे. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये मागच्या वाहनाने पुढच्याशी सुरक्षित अंतर ठेवायचं असं आहे, म्हणजे मागून धडकणाऱ्यावर जबाबदारी येते. पण मला जे फार उशिरा समजलं ते हे: आपली पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे समोरच्याबरोबर आपल्या गाडीचंही नुकसान भरणारी असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी चूक कुणाची हा प्रश्न आड येत नाही. लायसन, कागदपत्रं नीट असतील आणि चालवणारा प्यायलेला नसेल, तर आपल्या चुकीनेही ठोकली तरी ओन डॅमेजमधून, म्हणजे पॉलिसीतल्या आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून, खर्च मिळतो. समोरच्याच्या विम्यातून वसूल करायचं तर पोलिसांत नोंद आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. डिकी आणि बंपरसाठी तिथवर कोण जाणार?

मग मी चूक-चूक एवढं का करते? कारण गॅरेजमधला तो कागद.

आमचा नेहमीचा मिस्त्री कंपनीच्या कॅशलेस यादीत नाही, म्हणून गाडी यादीतल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. क्लेमच्या टेबलावरच्या मुलाने आरसी, लायसन, पॉलिसी, पॅन घेतलं आणि फॉर्म स्वतःच भरून सहीला पुढे केला. "अपघात कसा झाला" या रकान्यात लिहिलं होतं: समोरच्या ट्रॉलीला धडक, नंतर मागून पिकअपची धडक. मी म्हणाले, असं झालंच नाही, क्रम उलटा आहे. तो म्हणाला, "मॅडम, काही फरक पडत नाही, सगळे असंच लिहितात." मी शाळेची वेळ बघून सही केली. ती करायला नको होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, हिंदीतून. पुढचं नुकसान आणि मागचं नुकसान हे दोन वेगळे अपघात धरले आहेत, दोन क्लेम करा. दोन क्लेम म्हणजे सक्तीची वजावट, म्हणजे आपण स्वतः भरायची ठरलेली रक्कम, दोनदा; 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला ती प्रत्येक क्लेमला 1000 रुपये असते. हजार रुपयांचं एवढं नाही. पण माझ्या नावावर एका सकाळीत दोन अपघात लागणार होते, आणि त्यातला एक सरळ माझ्या चुकीचा. जी बाई ब्रेकवर पाय ठेवून उभी होती तिने ट्रॉलीला धडक दिली, हे मी कागदावर कसं राहू देऊ?

मी नवा फॉर्म मागितला. या वेळी मराठीत, माझ्या अक्षरात लिहिला आणि शाळेत फळ्यावर काढते तसा नकाशा काढला: ट्रॉली, मी, पिकअप, बाण. सोबत नऊ फोटो जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. ऐकलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याला, जाईन असंही लिहिलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते, पण तिथे अर्जाला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

दोन दिवसांनी सर्व्हेअर साहेब स्वतः आले. साठीच्या आसपासचे, शांत माणूस, टेप घेऊन. मागे उकिडवे बसून त्यांनी डिकीच्या खड्ड्याची जमिनीपासूनची उंची मोजली. पिकअपचा बंपर उंच असतो, म्हणून माझ्या बंपरची फक्त वरची कड फाटली होती आणि खरा मार डिकीच्या दारावर होता. तिथे पिकअपचा रंगही लागलेला. मग पुढे आले. जाळीत उसाचं एक टिपरं अजून रुतून बसलं होतं. ते त्यांनी काढलं नाही, फोटो घेतला. नंतर माझा चौथा फोटो मोबाईलवर मोठा करून बराच वेळ बघितला. "बाई, चाकं जाम असताना गाडी घसरली तरच अशा रेघा उठतात. म्हणजे तुम्ही थांबलेल्या होतात आणि गाडी मागून ढकलली गेली. धक्का एकच." चार दिवसांनी एकच क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला. त्या माणसाने हात लावून, मोजून, बघून ठरवलं. म्हणून त्यांचा एक गुण.

आता पैसे. बिल 35,400 झालं. कंपनीने 25,150 दिले, माझ्या खिशातून 10,250 गेले. एजंटने "फुल इन्शुरन्स" म्हणून दिला होता, आणि मीही फुल म्हणजे सगळं असंच समजत होते. भाग जुने झाले म्हणून कंपनी जे कापते तो घसारा. प्लास्टिकच्या भागांवर, म्हणजे दोन्ही बंपर, जाळी आणि हेडलाइट मिळून 13,000 वर, निम्मे कापले: 6,500. डिकीचं दार 9,000 चं. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला धातूवर 15 टक्के घसारा, 1,350. रंगाच्या 8,000 पैकी पाव भाग रंगाचं साहित्य धरतात आणि त्याचा निम्मा कापतात: 1,000. क्लिपा, किरकोळ सामान 400. शेवटी वजावट 1,000. डेंटिंगची 5,000 मजुरी पूर्ण मिळाली. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असतं तर घसाऱ्याचे 8,850 वाचले असते. एजंटने त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. आमच्या शाळेतल्या चौघांच्या पॉलिस्या त्याच्याकडेच आहेत. चौघांनाही मी त्या उघडून वाचायला लावल्या.

क्लेम करावा की नाही, हेही मी वहीत मांडून बघितलं. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 25 टक्के होता, पुढच्या वर्षी 35 होणार होता. आता शून्य. पुढची पाच वर्षं बोनसमधला फरक 35, 25, 25, 15 आणि 5 टक्के, म्हणजे सगळा मिळून ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या प्रीमियमहून थोडा जास्त. तो प्रीमियम साधारण सहा हजार धरला तर सहा-सव्वासहा हजारांचा तोटा. पंचवीस हजारांसाठी क्लेम बरोबरच होता. चार-पाच हजारांचा ओरखडा असता तर मी आमच्या मिस्त्रीकडेच नेली असती.

गाडी सतरा दिवसांनी मिळाली, तोवर मी एसटीने गेले. डिकी अशी बसवली आहे की फट चारी बाजूंनी सारखी. हेडलाइटचा झोतही बरोबर लावून दिला. एक गुण कापला तो मागच्या बंपरच्या रंगासाठी. सावलीत कळत नाही, पण दुपारच्या उन्हात डिकी आणि बंपर यांच्या पांढऱ्यात फरक दिसतो. फोटो पाठवला तर मॅनेजरनी वाद न घालता शनिवारी परत बोलावलं आहे. शाळा सकाळची आहे, बारा वाजता तिथे पोहोचेन, म्हणजे त्यांनाही तो उन्हातच बघता येईल.