इसे की इझुमो: एकच जमणार असेल तर

जपानच्या सहलीत तोक्यो-क्योतो उरकल्यावर दोनेक दिवस हाताशी असले आणि एखादं जुनं शिंतो देवस्थान त्याच्या इतिहासासाठी पाहावंसं वाटलं, की निवड बहुधा इसे आणि इझुमो या दोघांवर येऊन अडते. सोयीचं म्हणाल तर इसे सरळ पुढे आहे. नागोयाहून किन्तेत्सुच्या गाडीने दीडेक तास, की पोचलात. इझुमो पार जपानी समुद्राच्या बाजूला, ओकायामाहून याकुमो एक्स्प्रेसने साधारण तीन तास आणि पुढे बस.

इसेच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. सूर्यदेवता आमातेरासुचं, म्हणजे सम्राटांच्या घराण्याच्या मूळ देवतेचं हे स्थान. सम्राज्ञी जितोच्या काळात, ६९० मध्ये, इथलं मंदिर पहिल्यांदा नव्याने बांधलं गेलं. तेव्हापासून दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत हिनोकीच्या लाकडाचं तेच मंदिर पुन्हा उभं राहतं, देवता तिकडे जाते आणि जुनं उतरवलं जातं. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लढायांत हा क्रम शंभराहून जास्त वर्षं तुटला होता, पण तो पुन्हा जोडला गेला. २०१३ मध्ये ६२वी खेप झाली, आणि २०३३ च्या खेपेचे विधी २०२५ पासूनच सुरू झालेत. उतरवलेले मोठे खांब उजी पुलाच्या तोरीसाठी, म्हणजे कमानींसाठी, वापरतात. सुताराच्या हातातली विद्या तेराशे वर्षं अशी जिवंत ठेवणं, याला तोड नाही.

माझी अडचण झाली ती दर्शनाच्या जागी. इसेत आतलं आणि बाहेरचं अशी दोन मुख्य मंदिरं आहेत; आमातेरासुच्या आतल्या मंदिराभोवती एकात एक अशी चार कुंपणं. आपण पायऱ्या चढून जातो ते एका पांढऱ्या पडद्यापर्यंत. टाळ्या वाजवून नमस्कार करायचा आणि मागच्या रांगेसाठी बाजूला व्हायचं. बाजूने पाहिलं तर गवती छपराचा वरचा भाग आणि आडव्या ओंडक्यांची टोकं दिसतात, बस. पायऱ्यांच्या वर फोटोलाही मनाई आहे. पावित्र्य जपायचं तर हे हवंच, हे मला पटतं. पण ज्या बांधणीचा इतिहास वाचून मी तिथे गेलो, तीच डोळ्यांना दिसेना. आपल्याला देवळात गेलं की प्रदक्षिणेची सवय. इथे देवाभोवती फिरायला वाटच नाही. ही रुखरुख परतीच्या गाडीतही गेली नाही. बाहेरच्या मंदिराजवळ सेंगूकान हे संग्रहालय आहे आणि त्यात त्या मंदिराच्या एका भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. इसेला जाणाऱ्याने ती चुकवू नये. मला मात्र प्रतिकृतीवर समाधान मानणं जड गेलं.

इझुमोला गाभाऱ्यात जाता येतं असं नाही. तिथेही कुंपण आहे. पण आतलं मंदिर २४ मीटर उंच आहे, कुंपणाच्या वरून ते भरपूर दिसतं, आणि तिन्ही बाजूंनी बाहेरून चालत जाता येतं. मंदिराचं तोंड दक्षिणेला, पण आतल्या देवाचं, ओकुनिनुशीचं, पश्चिमेला; म्हणून पश्चिमेच्या बाजूला नमस्काराची वेगळी जागा ठेवली आहे. तिथे उभं राहिलं की देवासमोर आल्यासारखं खरोखर वाटतं. ही इमारत १७४४ ची, म्हणजे वय तिच्या अंगावर दिसतं.

आणि मग ते खांब. जुन्या काळी हे मंदिर ४८ मीटर उंच होतं अशी परंपरा सांगते. पुरोहित घराण्याकडच्या एका जुन्या आराखड्यात तीन-तीन ओंडके एकत्र बांधून केलेले खांब दाखवले होते, पण अनेकांना ते अतिशयोक्त वाटे. २००० मध्ये अंगणात खोदताना तसेच खांब मिळाले. प्रत्येकात सुगी या जपानी झाडाचे तीन बुंधे, मिळून सुमारे तीन मीटर रुंद, तेराव्या शतकातल्या बांधणीचे. त्यावरून ४८ मीटरची उंची सिद्ध होते असं नाही, अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण ज्या आराखड्याला लोक कल्पना समजत होते तो जमिनीखालून खरा ठरला. खांब जिथे सापडले तिथे फरसबंदीत गोल आखले आहेत. मी त्या गोलांत बराच वेळ रेंगाळलो. शेजारच्या संग्रहालयात त्यांतला एक मूळ खांब आहे, आणि कोजिनदानी इथे १९८४ मध्ये एकाच जागी सापडलेल्या ३५८ कांस्य तलवारीही.

ओकुनिनुशीला जपानी लोक दाइकोकुशी एकरूप मानतात, आणि दाइकोकु म्हणजे भारतातून तिकडे गेलेला महाकाल. हा धागा माहीत असला तर आपल्या माणसाला तिथे थोडं जास्त जवळचं वाटतं, निदान मला वाटलं.

सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा नागोया-ओसाकाहून एका दिवसात परत यायचं असेल, तर इसेच बरं. सुतारकामाच्या परंपरेत रस असलेल्यालाही मी तिकडेच पाठवीन. बाकीच्यांनी जमलं तर इझुमोला एक रात्र काढावी, अंगण सकाळी लवकर पाहावं आणि संग्रहालयाला निम्मा दिवस द्यावा. चांद्र दिनदर्शिकेच्या दहाव्या महिन्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या सुमारास, देशभरचे देव तिथे जमतात अशी श्रद्धा आहे आणि गर्दी वाढते. त्या दिवसांत जायचं असेल तर खोली आधीच ठरवून ठेवा.